घाई कागदांची करा, निर्णयाची नको

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभातील भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे वेळेचा हिशोब मी चुकवणार नाही.

मी १९६८ साली भोरमधून जुनी अकरावी, म्हणजे तेव्हाची एस.एस.सी. पास झालो. पुण्यात प्रवेश घ्यायला वडील, मी आणि एक पत्र्याची ट्रंक असे तिघं एस.टी.नं निघालो. कात्रजच्या घाटात मला उलटी झाली, एवढीच काय ती अडचण. कॉलेजच्या खिडकीवर फॉर्म घेतला, मार्कलिस्ट दाखवली, फी भरली, संपलं. पसंतीक्रम, फेरी, कट-ऑफ हे शब्दच नव्हते.

आता तसं नाही. अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया आधी पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरांपुरती होती. २०२५ पासून ती सगळ्या राज्याला लागू झाली. म्हणजे भोरच्या आणि वेल्ह्याच्या, आता आपण राजगड म्हणतो त्या तालुक्याच्या मुलांनासुद्धा. त्या वर्षी पहिल्याच दिवशी वेबसाइट बंद पडली आणि पहिली यादी लागायला जून संपत आला. आपल्या बिल्डिंगमध्ये रात्री अकरा वाजता मोबाइल घेऊन गच्चीवर रेंज शोधणारे पालक मी पाहिलेत. त्यात माझा मुलगाही होता, नातवासाठी.

पण घाबरून जाऊ नका. त्या वर्षी राज्यात अकरावीच्या लाखो जागा रिकाम्या राहिल्या. जागा भरपूर आहेत, टंचाई आहे ती ठरावीक नावांची. म्हणून पसंतीक्रम भरताना दोन गोष्टी पाळा. पहिली, जे कॉलेज मिळालं तरी जायचंच नाही, ते यादीत टाकूच नका. दुसरी, पहिल्या क्रमांकावर घरात सगळ्यांनी बसून ठरवलेलं कॉलेजच टाका. पहिली पसंती मिळाली आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्या हातातून जातात. अंतरही बघा. वेल्ह्याहून चेलाडीला यायचं, तिथून पुण्याची गाडी धरायची आणि संध्याकाळी परत, हे सोळा वर्षांच्या मुलाला दोन वर्षं झेपेल का? नाव इथल्या कॉलेजात आणि क्लास पुण्यात, हीही एक नवी रीत निघाली आहे. त्यात मूल धड इथलं राहत नाही, धड तिथलं होत नाही.

बारावीनंतर सध्या सगळ्यांना कॉम्प्युटर हवं आहे. २०२४-२५ पासून ए.आय.सी.टी.ई.नं शाखेतल्या जागांवरची वरची मर्यादा काढली, त्यामुळे मोठ्या कॉलेजांना कॉम्प्युटरच्या जागा वाढवता आल्या. चार वर्षांनी हे सगळे एकदमच बाहेर पडतील, हे लक्षात ठेवा. मुलाला मशीनची आवड असेल तर मेकॅनिकलला नाक मुरडू नका. शिरवळ-खंडाळ्याची कारखानदारी आपल्या उंबऱ्यावर आहे.

आता पैशाचं आणि कागदांचं. राज्य सरकारनं २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केली आहे. मात्र प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. आणि कागद वेळेवर हवेत: उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी. निकालानंतर सेतूच्या रांगेत उभं राहू नका. पडताळणीचा अर्ज अकरावीतच करून टाका.

कर्जाचा हिशोब माझ्याकडून ऐका. दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख असे चार वर्षांत ४ लाख उचलले आणि व्याज साधं १० टक्के धरलं, तर शिक्षण संपेपर्यंत व्याजच १ लाख होतं. पुढच्या सवलतीच्या वर्षात आणखी ४० हजार. जमलं तर व्याज दरमहा भरत जा. केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक नामांकित संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, त्याची चौकशी करा. राहण्याची सोय हवी असेल तर पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून गावाकडच्या मुलांसाठी वसतिगृहं चालवते.

हे सगळं मी अधिकारानं सांगतोय असं वाटेल. खरं कारण वेगळं आहे. ते मी आजवर घरातही बोललो नव्हतो.

२००३ साली मी एका शाखेत कर्ज विभागात होतो. वेल्ह्याच्या आतल्या गावातला एक शेतकरी आला. मुलीचं नाव पुण्याच्या इंजिनिअरिंगला लागलं होतं. मी म्हटलं, "दोन जामीनदार आणि सातबारा घेऊन सोमवारी या." तो "बरं साहेब" म्हणून गेला. फी भरायची मुदत शनिवारी होती. त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण किंवा जामीनदार मागायचा नाही, असं परिपत्रक तेव्हा माझ्याच ड्रॉवरमध्ये होतं. जोखीम नको म्हणून मी जास्तीचं मागितलं. सोमवारी तो आला नाही. मुलीची जागा गेली.

तीन वर्षांनी चेलाडी फाट्यावर तो भेटला. मी ओळख चुकवणार होतो, तोच जवळ येऊन म्हणाला, "साहेब, आता बारका बारावीला आहे. त्याच्या वेळी काय कागद लागतील ते आधीच सांगा." रागाचा एक शब्द नाही. मुलीचं विचारलं, तर म्हणाला, "लग्न झालं तिचं. सुखी आहे." बारक्याचं कर्ज मी आठ दिवसांत मंजूर केलं. पण मुलीची जागा काही परत आली नाही.

म्हणून पालकांना सांगतो, साहेबासमोर गप्प बसू नका. "मुदत अमुक तारखेची आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. नियम लेखी मागा. आणि मुलीची जागा आणि मुलाची जागा यात घरातही फरक करू नका.

आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. पाण्याची टाकी, पार्किंग, लिफ्ट यावर आपण पुष्कळ भांडलो. आता एक चांगलं काम करू. मे-जूनमध्ये रोज संध्याकाळी सहा ते आठ मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. फॉर्म, दाखले, कर्ज, काहीही घेऊन या. आपल्याकडे धुण्याभांड्याला, वॉचमनकीला येणाऱ्यांच्या मुलांनाही पाठवा. चहा माझ्याकडून.

विद्यार्थ्यांनो, तुम्हाला मनापासून आशीर्वाद.