विमानातील मुका प्रवासी



नोकरीनिमित्त परदेशी निघालेले कुटुंब घरचा कुत्राही बरोबर नेते. बारा-पंधरा तासांच्या प्रवासात त्याचे हाल होऊ नयेत म्हणून त्याला झोपेचे औषध द्यावे, असे अनेकांच्या मनात येते. हेतू चांगला, परिणाम मात्र घातक ठरू शकतो. औषधाने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो. सामानाच्या कक्षातील हवा ८,००० फूट उंचीवरील हवेइतकी विरळ असू शकते आणि गुंगीतील प्राण्याकडे पाहावयास तेथे कोणी नसते. चपट्या नाकाच्या जातींना तर धोका अधिकच. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या पाच वर्षांच्या नोंदींत विमानप्रवासात दगावलेल्या १२२ कुत्र्यांपैकी २५ इंग्लिश बुलडॉग होते.

औषधाऐवजी सवय लावावी. पिंजरा महिनाभर आधी घरात मांडून त्यातच अन्न द्यावे. त्यात प्राण्याला उभे राहता, वळता व निजता आले पाहिजे.

कागदपत्रांस मात्र महिना पुरत नाही. युरोपीय संघाच्या देशांत न्यावयाचे असल्यास रेबीजची लस दिल्यावर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घ्यावा लागतो व त्यानंतर तीन महिने थांबावे लागते. तिकिटे त्या हिशेबाने काढावीत.