कोपराचे माप

(गुलमंडी भागात हॉटेलांत व मिठाईच्या दुकानांत काम करणाऱ्या मंडळींपुढे केलेले भाषण)



रात्रीचे साडेदहा वाजून गेले आहेत. तुमची भांडी आत्ता कुठे घासून झाली. दिवसभर उभे राहून तुम्ही इथे आलात. म्हणून आधी सगळे खाली बसा. भिंतीला पाठ टेका. पाय लांब केले तरी चालतील. आम्ही राग मानणार नाही.

गुलमंडी हे नाव मोठे गोड आहे. गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. सुपारी हनुमानाला नमस्कार करून माणूस पुढे सरकला की तळणाचा आणि पाकाचा वास येतो. गिऱ्हाईक खाते, पैसे देते आणि जाते. मागे भट्टीशी कोण उभा आहे, हे त्याला दिसत नाही. आम्हांला आज त्या मागच्या माणसाशी बोलायचे आहे.

तुमच्यापैकी बहुतेक जण गावाकडचे आहेत. कोणी पैठणकडचा, कोणी सिल्लोडचा, कोणी कन्नडचा. तुम्ही म्हणता, "आम्ही ज्वारीची पोती उचलणारी माणसं. हॉटेलातलं काम ते काय!" पण शेतातले काम बदलत राहते. आज पेरणी, महिन्याने खुरपणी, मग काढणी. भट्टीवरचे काम बदलत नाही. तोच हात, तोच वाक, तोच सराटा. सकाळी जो स्नायू राबतो, तोच रात्रीही राबतो. त्याला सावरायला वेळच मिळत नाही. मग तो दुखू लागतो.

आमच्या ओळखीचा एक जण होता. नाव सांगत नाही. अंगाने उंच, कामाला वाघ. मिठाईच्या दुकानात तो खवा आटवायचा. भट्टी होती जमिनीलगत, आणि हा ताडासारखा. रोज सात-आठ तास कमरेत वाकून सराटा फिरवायचा. तिशीत कंबर धरली. दुकानातून गोळी आणायची, खायची आणि उभे राहायचे. पुढे डाव्या पायात मुंग्या येऊ लागल्या. मालकाला सांगितले नाही. घरीही सांगितले नाही. आम्ही विचारले, "का रे बाबा, बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "कंबर दुखायली म्हणलं असतं, तर उद्या दुसरा पोऱ्या आणला असता."

शेवटी चालताना पाऊल घसटू लागले. मग दवाखाना, मग शस्त्रक्रिया. दुखणे कमी झाले, पण पावलातले बळ पुरते परत आले नाही. आता तो गावी असतो. पाण्याची घागर त्याची बायको उचलते. दुकानात खरोखरच दुसरा पोऱ्या आला. भट्टी मात्र तेवढीच खाली राहिली.

हे आम्हांला फार लागले. माणूस बदलला, भट्टी बदलली नाही. तिच्याखाली दोन थर विटा घालायला किती खर्च आला असता?

आता कंबर दुखते कशी, ते पाहू. पाठीत मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. माणूस वाकला की त्या गादीवर दाब वाढतो. वाकून वजन उचलले की तो आणखी वाढतो. तुम्ही पहार वापरली आहे. लांब पहारेने थोड्या जोरात मोठा दगड हलतो. इथे तोच हिशेब उलटा होतो. वजन अंगापासून जितके लांब, तितकी कंबरेला ओढ जास्त. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, वर पातेल्याचे वजन वेगळे. ते पोटाशी धरले तर कंबर सोसते. हात लांब करून धरले तर तीच कंबर ओरडते. आणि वाकलेल्या अंगाने वजन धरून बाजूला वळणे, हे सगळ्यांत वाईट. वळायचे असेल तर पाय वळवा, मग अंग आपोआप वळते.

मोठे पातेले एकट्याने उचलू नका. हॉटेलातल्या गॅसच्या टाकीत १९ किलो गॅस असतो आणि लोखंडाचे वजन निराळे. ती दोघांनी धरा, नाहीतर चाकाच्या गाडीवरून न्या. एकट्याने टाकी उचलणाऱ्याला इथे पैलवान म्हणतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पैलवान तरी लंगोट बांधून, अंग गरम करून आखाड्यात उतरतो. तुम्ही पहाटे पाचला थंड अंगाने टाकी उचलता.

ओट्याची उंची ही सगळ्यांत मोठी गोष्ट. तिचे माप आपल्या अंगातच आहे. सरळ उभे राहा आणि हात कोपरात वाकवा. कांदा चिरायचा ओटा कोपराच्या चार बोटे खाली हवा. मैदा मळायचा ओटा त्याहून खाली हवा, कोपरापासून साधारण एक वीत. कारण मळताना अंगाचा भार द्यावा लागतो. आता एकाच ओट्यावर उंच आचारी आणि बुटका पोऱ्या दोघे उभे राहतात, तिथे काय करायचे? ओटा उंचाच्या मापाने करा आणि बुटक्याला पायाखाली भक्कम फळी द्या. फळी हलता कामा नये. शहागंजाकडे नान-खलिया मिळतो. नान लावणाऱ्याला तंदुरात हात घालून वाकावेच लागते. तिथे उंचीचा इलाज थोडाच चालतो. तिथे माणसांनी आळीपाळीने काम करावे. तासभर नान लावला की तासभर दुसरे काम. वेटरने ताटांची चळत एकाच खांद्याशी रोज नेऊ नये. दोन खेपा कराव्यात.

पायांचे काय? उभ्याउभ्या पोटऱ्या भरून येतात. शिरा फुगतात. एक वीट ठेवा आणि एक पाय तिच्यावर टेका. थोड्या वेळाने पाय बदला. कंबरेलाही बरे वाटते. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसा. बसलेला नोकर दिसला की काही मालकांच्या पोटात दुखते. केरळात कापडाच्या दुकानांतल्या बायांना असेच दिवसभर उभे ठेवत. त्यांनी बसायला जागा मागितली. लोक हसले. पण त्या हटल्या नाहीत. २०१८ साली केरळ सरकारने दुकानातल्या नोकरांना बसायला जागा देण्याचा कायदा केला. २०२१ साली तमिळनाडूनेही केला. एका साध्या स्टुलासाठी कायदा करावा लागला! आपल्या महाराष्ट्रात २०१७ साली दुकाने व आस्थापना कायदा नवा झाला. त्यात आठवड्याला एक दिवस सुट्टी सांगितली आहे. लहान दुकानाला तो सगळा लागू होत नाही. पण कंबर लहान दुकानातही तीच असते, एवढे मालकाला सांगता येते.

सांगायचे कोणी, हा प्रश्न आहे. एकटा बोलला तर मालक म्हणेल, हा कामचुकार. चौघे मिळून जा. "मालक, आमची कंबर दुखते" एवढेच म्हणू नका. "मालक, भट्टी दोन विटा वर घ्या" असे म्हणा. आमचा अनुभव असा, की तक्रार ऐकून माणूस चिडतो, पण विटांचा हिशेब तो ऐकून घेतो.

डॉक्टरांनाही काम सांगा. इटली देशात रामाझिनी नावाचा वैद्य होता. त्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर पुस्तक लिहिले. वैद्याने रोग्याला "तुझा धंदा काय?" हेही विचारावे, असे त्याचे म्हणणे. डॉक्टरांनी विचारले नाही, तर आपण होऊन सांगा. नुसते "हॉटेलात आहे" म्हणू नका. "रोज इतके तास वाकून झारा चालवतो" असे सांगा. रात्री अंगठा आणि शेजारची बोटे बधिर होत असतील, तर मनगटातली नस दबत असेल. तेही सांगा. दुकानातल्या गोळ्या महिनोन्महिने खाऊ नका. त्यांनी पोट आणि मूत्रपिंड बिघडते. कंबर धरली म्हणून पंधरा दिवस खाटेवर पडून राहू नका. जमेल तसे हळूहळू चालत राहा. आणि पाठीवर पाय देऊन कोणी झटका मारतो म्हणाला, तर त्याला लांबूनच रामराम करा.

पण पाऊल लुळे पडले, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री घाटीत जा. सरकारी रुग्णालय आहे, रात्रीही उघडे असते. मालक काय म्हणेल, ते मागून पाहू.

आम्ही सुतळीचा गुंडा आणला आहे. आता एकेक जण पुढे या. सरळ उभे राहा. जमिनीपासून कोपरापर्यंत सुतळी धरू, तिथे गाठ मारू आणि चार बोटे खाली दुसरी गाठ मारू. सुतळीला चिठ्ठी बांधायची आहे. चिठ्ठीवर आपले नाव ज्याने त्याने स्वतःच लिहायचे. उद्या सकाळी ती आपल्या ओट्याला लावून पाहा.