ट्रक गायब झालाच नव्हता

आजची गोष्ट एका ट्रकची. ट्रक रस्त्यावर धावत होता, पण आमच्या नकाशावरून अचानक गायब झाला. मालकाने ड्रायव्हरला धारेवर धरलं, 'ट्रॅकर तूच बंद केलास!' तो बिचारा शपथेवर सांगत होता, हातसुद्धा लावला नाही.

त्या ट्रॅकरच्या सॉफ्टवेअरवर मी काम करायचो. लॉग उघडले. लोकेशन अगदी बरोबर, तारीख मात्र १०२४ आठवडे मागची! सर्व्हरने जुना डेटा समजून सगळं फेकून दिलं होतं.

१०२४च का? जीपीएसचे उपग्रह पूर्ण तारीख सांगत नाहीत, आठवड्याचा नंबर सांगतात. मूळ सिग्नलमध्ये त्याला जागा फक्त १० बिटची. म्हणजे ० ते १०२३, मग पुन्हा शून्य. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, एप्रिल २०१९ मध्ये झालं, आता नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. कितवी फेरी चालू आहे, हे रिसीव्हरने स्वतः ओळखायचं. आमच्या कोडमध्ये त्यासाठी एक आधाराची तारीख लिहिलेली होती. तिच्यापासून १०२४ आठवडे संपले आणि घोळ झाला.

मी ती तारीख पुढे सरकवली. झालं काम! पण २०३८ मध्ये काय? गच्चीवर अँटेना लावून आजचीच तारीख मिळणार. इथे लागतो सिम्युलेटर. त्याला ठिकाण, वेळ आणि उपग्रहांच्या कक्षा द्यायच्या. कुठला उपग्रह किती लांब, सिग्नल किती उशिरा पोचेल, हे तो काढतो आणि हुबेहूब तसा सिग्नल बनवतो. गणित बारीक आहे बरं का. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरचा फरक.

हा सिग्नल केबलने थेट ट्रॅकरला द्यायचा. हवेत अजिबात सोडायचा नाही! आसपासचे फोनच काय, विमानसुद्धा फसू शकतं.

आम्ही घड्याळ २० नोव्हेंबर २०३८ च्या रात्रीवर लावलं. मध्यरात्र उलटली आणि ट्रॅकर थेट ७ एप्रिल २०१९ ला! माझी दुरुस्ती म्हणजे नुसतं ठिगळ होतं. मग शेवटची खात्रीची तारीख मेमरीत जपून ठेवायची आणि आधार तिचाच घ्यायचा, असा बदल केला. पुन्हा तीच रात्र चालवली. या वेळी २१ नोव्हेंबर उजाडला.

आणि हो, मालकाला आम्ही लेखी कळवलं, चूक आमची होती, ड्रायव्हरची नाही. खरं तर तो मेल सगळ्यात आधी जायला हवा होता.

चला, भेटू पुढच्या भागात!