परमुलखातले चार शब्द



भाषण करण्याची मला सवय नाही. तेव्हा अनुभवाचेच चार शब्द सांगते.

२०१९ साली धाकट्या बहिणीकडे जपानात, योकोहामाला, महिनाभर राहिले. पहिले आठ दिवस मी घराबाहेर तोंडच उघडले नाही. चुकले तर लोक हसतील, ही भीती!

मग बहिणीने एक गंमत सांगितली. जपानी वाक्यातही आपल्यासारखेच क्रियापद शेवटी येते. आपल्या प्रत्ययांसारखे छोटे शब्द नामाच्या मागून लागतात, आणि प्रश्नाच्या शेवटी चक्क 'का' येतो! 'आरिमासु' म्हणजे आहे. 'तोफू आरिमासु का?' म्हणजे 'तोफू आहे का?' सोयाबीनच्या दुधाचे ते पनीरच म्हणा. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी तेवढेच विचारले. दुकानदार पुष्कळ बोलला, मला काही कळले नाही. पण तोफू हाती आला. 'आरिगातो गोझाइमासु', असे आभार मानून घरी आले.

पुढे एके दुपारी बहीण कामावर गेली होती आणि दोन वर्षांच्या भाच्याचे अंग एकाएकी तापले. तिचा फोन लागेना. मी वही उघडली. तापाला 'नेत्सु' असे लिहिले होते. मुलाला कडेवर घेऊन शेजारच्या आजीबाईंचे दार वाजवले आणि म्हटले, "कोदोमो, नेत्सु आरिमासु. ओनेगाइशिमासु." म्हणजे मूल, ताप आहे, कृपा करा. आजींनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, वहीतल्या नंबरावर बहिणीच्या कचेरीत फोन केला आणि ती येईपर्यंत माझ्याजवळ बसून राहिल्या. 

रात्री बहीण म्हणाली, "ताई, मधला 'गा' तू गाळलास." गाळला खरा; पण आजी हसल्या नव्हत्या.

मला मात्र आपली गल्ली आठवली. परप्रांतातून आलेली भाजीवाली 'भाजी ताजा आहे' म्हणाली, की आपण पदराआड हसतो. मीही हसले आहे. ते वाक्य तिने मनाशी किती वेळा जुळवले असेल, हे मला योकोहामात कळले.

म्हणून परदेशी निघालात तर नमस्कार, आभार, विनंती, 'आहे का' आणि दुखण्याखुपण्याचे दोन शब्द वहीत लिहून न्या. आणि आपल्या दारी कोणी मोडके मराठी बोलले, तर न हसता शेवटपर्यंत ऐकून घ्या. त्या बाईच्या कडेवरही तापलेले मूल असू शकेल.