नृत्यशिक्षकांचें शिक्षण

संगीताच्या शिक्षकाला पेटी व तबला पुरतो, चित्रकलेच्या शिक्षकाला फळा व रंग पुरतात. नृत्य शिकविणाऱ्या शिक्षिकेला मात्र मोकळी जमीन लागते, आणि शहरांतील शाळांत दुर्मिळ वस्तु असेल तर ती हीच. म्हणून तिचा तास बहुधा सभागृहांत, बांकें एका बाजूला रचून, शहाबादी फरशीवर भरतो. तास पस्तीस मिनिटांचा. त्यांतलीं पांच-सात मिनिटें मुलांना रांगेनें आणण्यांत व बूट काढविण्यांत जातात. समोर चाळीस-पंचेचाळीस मुलें. त्यांपैकीं दोघी-चौघी बाहेर एखाद्या गुरूकडे शिकणाऱ्या, बाकीच्यांना सम म्हणजे काय याचीही गंधवार्ता नाहीं, आणि मुलगे तर नाच हें मुलींचें काम अशा समजुतीनें भिंतीला टेकून उभे. शेजारच्या वर्गांत भूगोल चाललेला असतो, व तेथून 'आवाज कमी करावा' अशी चिठ्ठी केव्हां येईल याचा नेम नसतो.

या प्रसंगासाठीं तिची तयारी काय झालेली असते? महाराष्ट्रांत अशा शिक्षिकेजवळ पुष्कळदां अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचें विशारद हें प्रमाणपत्र असतें. प्रारंभिकापासून विशारदपर्यंतच्या सात पायऱ्या चढणें ही सामान्य गोष्ट नव्हे. त्यांत वर्षें जातात, घाम जातो, आणि घरच्यांची सहनशीलताही खर्ची पडते. परंतु ती परीक्षा नर्तिकेची असते. तत्कार स्वच्छ आहे का, तोडे व परण समेवर येतात का, अभिनयांत भाव उमटतो का, हें तेथें पाहिलें जातें, व तें तसेंच पाहिलें गेलें पाहिजे. ज्या मुलाचे हात पाय एकमेकांशीं बोलत नाहींत त्याला पहिल्या महिन्यांत काय द्यावें, लाजून कोपऱ्यांत बसलेल्या मुलीला न दुखवितां रिंगणांत कसें आणावें, हे प्रश्न कोणत्याच परीक्षकाच्या यादींत नसतात.

त्यांत ती एकटी. शाळेंत गणिताचे चार शिक्षक असतात. एकाचें अडलें तर दुसरा शिक्षकांच्या खोलींत चहा घेतां घेतां सांगतो. नृत्याची शिक्षिका एकच, व पुष्कळदां तीही अर्धवेळ. तिचा तास चांगला झाला कीं वाईट, हें सांगणारें कोणी नाहीं. वर्षांतून एकदां स्नेहसंमेलन होतें तेवढाच तिचा निकाल. तो चांगला लागावा म्हणून दिवाळीनंतर निवडक दहा-बारा मुलींची तालीम सुरू होते आणि उरलेलीं तीस-पस्तीस मुलें बांकांवर बसून ती पाहतात. पालक टाळ्या वाजवितात, मुख्याध्यापक समाधान पावतात. त्या बसून राहिलेल्या मुलांच्या वांट्याला त्या वर्षीं नृत्य आलेंच नाहीं, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. शिक्षिका आळशी असते म्हणून असें होतें असें नव्हे. दुसरा मार्ग तिला कोणी दाखविलेला नसतो.

अमेरिकेंत हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वींच उभा राहिला. विस्कॉन्सिन विद्यापीठांत मार्गारेट ह'डब्लर नांवाच्या बाई मुलींना बास्केटबॉल शिकवीत. त्यांचें मूळ शिक्षण जीवशास्त्राचें. १९१६ सालीं त्या पुढील अभ्यासासाठीं न्यूयॉर्कला निघाल्या, तेव्हां त्यांच्या विभागप्रमुख ब्लांश ट्रिलिंग यांनीं त्यांच्यावर एक कामगिरी सोपविली : विद्यापीठांतील मुलींना शिकविण्याजोगें नृत्य तेथें कोठें आढळतें का, तें पाहावें. बाईंनीं त्या शहरांतील नृत्यशाळा पाहिल्या, पण मन भरेना. गुरूनें करून दाखवावें व शिष्यांनीं नक्कल करावी, हाच सर्वत्र परिपाठ. ॲलिस बेंटली या संगीतशिक्षिकेकडे मात्र त्यांना निराळें कांहीं दिसलें. तेथें शिकणारीं माणसें जमिनीवर निजून, शरीराचा भार जमिनीला देऊन, एकेक हालचाल शोधीत होतीं. एवढा धागा बाईंना पुरला. १९१७ सालीं त्यांनीं विस्कॉन्सिनला वर्ग सुरू केले, आणि १९२६ सालीं तेथें नृत्य या विषयाचा अमेरिकेंतील पहिला पदवी-अभ्यासक्रम निघाला.

ह'डब्लर स्वतः रंगभूमीवरच्या नर्तिका नव्हत्या. वर्गांत त्या करून दाखविण्याचें शक्य तों टाळीत. त्याऐवजीं माणसाचा हाडांचा सांगाडा वर्गांत आणून सांधा कसा वळतो तें दाखवीत, आणि मग मुलींना तो सांधा आपापल्या अंगांत शोधावयास लावीत. ज्यांना नृत्य म्हणजे गुरूच्या अंगाची छाया असें वाटतें त्यांना ही पद्धति विचित्र वाटेल, आणि भरतनाट्य किंवा कथक या रीतीनें शिकवितां येणार नाहीं हें खरेंच. पण शाळेच्या शिक्षिकेनें यांतून एक गोष्ट अवश्य उचलावी. दिवसाला पांच-सहा तास, प्रत्येक तासाला तोच तुकडा दहा वेळां करून दाखविणारी बाई चाळिशीच्या आंतच गुडघे धरून बसते. शिवाय मुलें तिच्याकडे पाहत राहतात, आपल्या पायांकडे त्यांचें लक्ष जात नाहीं.

विस्कॉन्सिनच्या पदवीधर मुली देशभर शिक्षिका म्हणून गेल्या. पण आधींच नोकरींत असलेल्या शिक्षिकांचें काय? त्यांच्यासाठीं १९३४ सालीं व्हरमाँट राज्यांतील बेनिंग्टन येथें उन्हाळी नृत्यविद्यालय निघालें. मार्था हिल संचालिका. शिकविण्यास मार्था ग्रॅहॅम, डोरिस हम्फ्री, चार्ल्स वाइडमन, हान्या होल्म. आज ज्यांचीं नांवें इतिहासांत आहेत अशीं हीं माणसें शिकवीत कोणाला, तर शाळा-महाविद्यालयांतील व्यायामाच्या शिक्षिकांना! पहिल्या उन्हाळ्यांत शंभराच्या आसपास विद्यार्थी आले, त्यांत बहुसंख्या या शिक्षिकांची होती. सहा आठवडे त्या नाचल्या, घामाघूम झाल्या, आणि नव्या उमेदीनें घरीं परतल्या. पुढें त्यांनींच या कलावंतांना आपल्या महाविद्यालयांत प्रयोगासाठीं बोलाविलें. तेथें रंगमंच नसल्यामुळें प्रयोग व्यायामशाळेंत होत, म्हणून त्या दौऱ्यांना 'व्यायामशाळांची फेरी' असेंच नांव पडलें. कलावंतांना त्यामुळें प्रेक्षक व पोट दोन्ही मिळालें. हें सर्व उत्तम. तरी वर्षाचे आठवडे बावन्न. सहा आठवडे ग्रॅहॅमबाईंच्या डोळ्यांसमोर घालविलेल्या शिक्षिकेच्या उरलेल्या शेहेचाळीस आठवड्यांत तिच्या स्वतःच्या वर्गांत कोण डोकावत असे? उन्हाळी वर्गांत शिक्षिकेचें नृत्य सुधारतें. तिचें शिकविणें सुधारावयाचें तर कोणीतरी तिच्या वर्गापर्यंत चालत गेलें पाहिजे.

इंग्लंडमध्यें हें थोडेंफार घडलें. जर्मनींत नांव मिळवून तेथून निघावें लागलेले रुडॉल्फ लाबान १९३८ सालीं इंग्लंडांत डार्टिंग्टन येथें आले. १९४६ सालीं लिझा उलमान यांनीं मँचेस्टरला लाबान यांच्या तत्त्वांवर एक नृत्यशाळा काढली, आणि १९४८ सालीं लाबान यांचें 'मॉडर्न एज्युकेशनल डान्स' हें शिक्षकांसाठीं लिहिलेलें पुस्तक बाहेर आलें. त्यांत हालचालीचे सोळा विषय क्रमानें मांडले आहेत. पुस्तकाचें खरें मोल मात्र त्या यादींत नाहीं. तें शिक्षकाच्या हातीं दिलेल्या शब्दांत आहे. कोणतीही हालचाल भार, काल, दिशा आणि ओघ या चार अंगांनीं पाहावी, असें लाबान सांगतात. 'छान झालें' किंवा 'जमलें नाहीं' यापलीकडे ज्या शिक्षिकेला शब्द नव्हता, तिला आतां म्हणतां येतें कीं आज सगळा वर्ग हलका व जलद नाचला, जमिनीवर ठामपणें भार टाकणारें एकही मूल नव्हतें. उद्यां तेंच घेऊं. पाहिलेलें सांगण्यास शब्द नसला म्हणजे दुसऱ्याचा वर्ग पाहणें फुकट जातें.

यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागांत ॲलेक क्लेग हे १९४५ पासून मुख्य शिक्षणाधिकारी होते. त्यांनीं महायुद्धानंतर वुली हॉल या जुन्या वाड्यांत नोकरींतील शिक्षकांसाठीं निवासी वर्ग चालविले, व तेथें हालचाल आणि नृत्य यांना मानाचें स्थान होतें. पुढें मात्र सगळीकडे हा जिव्हाळा टिकला नाहीं. दोन दिवसांच्या वर्गावरून परतलेला शिक्षक मुलांना 'आतां झाड व्हा, आतां वारा व्हा' असें सांगून मोकळा झाला तर त्यांत लाबानही नसतो आणि नृत्यही नसतें. १९८८ च्या शिक्षणकायद्यान्वयें इंग्लंडांत जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आला त्यांत नृत्याला स्वतंत्र घर मिळालें नाहीं. तें व्यायामशिक्षणाच्या ओसरीवर राहिलें.

डार्टिंग्टनची ती संस्था उभारणारे लेनर्ड एल्महर्स्ट हे आधीं रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनांत काम करून गेले होते, तेव्हां येथून शांतिनिकेतनाकडे वळणें फारसें आडवळणाचें नाहीं. रवींद्रनाथांनीं १९१९ सालीं सिल्हेटला मणिपुरी नृत्य पाहिलें व लवकरच त्रिपुऱ्याहून बुद्धिमंत सिंह या गुरूंना आश्रमांत आणलें. भद्र घरांतील मुलांनीं नाचावें ही कल्पना त्या काळीं रुचणारी नव्हती, म्हणून आरंभ तालावरच्या व्यायामाच्या नांवानें झाला. परंपरेंत वाढलेला गुरु शाळेंतील मुलांपुढें उभा राहतो तेव्हां दोघांनाही सांभाळून घेणारें तिसरें माणूस लागतें. शांतिनिकेतनांत तें होतें, एवढेंच नव्हे तर तें खुद्द कवि होते. प्रत्येक शाळेला रवींद्रनाथ मिळणार नाहींत, हें सांगावयास नकोच.

आपल्या गुरुपरंपरेंत शिकविण्याचें शिक्षण मुळींच नव्हतें असें कोणी समजूं नये. जुनी शिष्या नव्या मुलींना तत्कार घालून देते, गुरु पलीकडच्या खोलींत बसलेले असतात, आणि एखादा पाय चुकतांच तिकडून हांक येते. ती चूक मुलीची, पण हांक शिष्येला असते. रोहिणी भाटे यांनीं १९४७ सालीं पुण्यांत नृत्यभारती स्थापिली; त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या अनेकींनीं पुढें स्वतःचीं विद्यालयें चालविलीं, तें अशा सहवासाशिवाय होत नाहीं. शाळेच्या शिक्षिकेला नेमकी हीच पलीकडची खोली मिळालेली नाहीं.

सरकारी पातळीवर कांहींच नाहीं असेंही नाहीं. दिल्लीचें सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र १९७९ पासून शाळांतील शिक्षकांचे वर्ग घेत आलें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणांत प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठीं निदान ५० तास व्यावसायिक शिक्षणाचे मिळावेत असें म्हटलें आहे, आणि अनुभवी शिक्षकांनीं इतरांना मार्गदर्शन करावें यासाठीं एका राष्ट्रीय योजनेचीही त्यांत सोय आहे. कागद चांगला आहे. पण ते ५० तास नृत्याच्या शिक्षिकेनें मूल्यमापनावरील व्याख्यानें ऐकण्यांत घालविले, तर तिच्या सभागृहांतल्या भिंतीला टेकलेल्या मुलांना त्याची खबरही लागणार नाहीं.

अशा शिक्षिकेच्या वर्गांत जाणारा मार्गदर्शक कसा असावा? पहिली अट अशी कीं तिचा गोपनीय अहवाल लिहिणें त्याच्याकडे नसावें. जुन्या पिढीला शाळेंत 'दिपोटी' येण्याचा दिवस आठवत असेल : भिंती झाडलेल्या, हुशार मुलें पुढच्या बांकावर, आणि आधींच घोकलेलीं उत्तरें. परीक्षकापुढें वर्ग नेहमीं असाच दिसतो, आणि असा दिसलेला वर्ग पाहून कोणाचें भलें होत नाहीं. म्हणून हें काम निवृत्त नृत्यशिक्षिकेनें किंवा जवळच्या शाळेंतील बरोबरीच्या शिक्षिकेनें करावें. तिनें कोपऱ्यांत बसावें, घड्याळ जवळ ठेवावें, आणि शिक्षिकेकडे न पाहतां मुलांकडे पाहावें. पस्तीस मिनिटांत एका मुलाचे पाय किती मिनिटें हलले व किती मिनिटें तें आपल्या पाळीची वाट पाहत उभें राहिलें, हें नुसतें मोजलें तरी पुष्कळ कळतें. मागच्या रांगेंतलें एखादें मूल निवडून तासभर त्याच्यावरच नजर ठेवावी. बोलणें त्याच दिवशीं व्हावें, आणि एकाच गोष्टीवर व्हावें. दहा दोष एकदम ऐकलेली शिक्षिका अकरावा ऐकण्यास उरत नाहीं.

ती एक गोष्ट बहुधा अगदीं साधी असते. फरशी कठीण आहे, तेव्हां उड्या कमी करून बैठकीच्या हालचाली वाढवाव्या, नाहींतर मुलांच्या नडग्या दुखूं लागतात. मुलगे हलत नाहींत, तर महिनाभर लेझीम घ्यावी. तिच्यांत ताल आहे, वांकणें आहे, रिंगण आहे, आणि 'हें मुलींचें' असें म्हणण्याची सोय नाहीं. मुलें चार रांगांत उभीं असलीं तर दर दोन मिनिटांनीं रांगा फिरवाव्या, म्हणजे मागची रांग कायमची मागें राहत नाहीं. यांपैकीं कोणतीही युक्ति पुस्तकांत मिळेल. पण कोणत्या वर्गाला कोणती हवी, हें तो वर्ग पाहिलेलें माणूसच सांगूं शकतें. पुढच्या खेपेस शिक्षिकेनें मार्गदर्शक बाईंच्या वर्गांत जाऊन बसावें, आणि तेथेंही एखादा तास फसतांना पाहावा. तीस वर्षें शिकविलेल्या बाईंचाही तास फसतो, हें कळलें कीं आपला फसलेला तास दाखविण्याची भीति पुष्कळशी उतरते.

या भेटी डिसेंबरांत होऊन उपयोग नाहीं. तेव्हां स्नेहसंमेलनाची घाई असते व कोणी कोणाचें ऐकत नाहीं. जून ते ऑगस्ट हा काळ चांगला, कारण पायाला पहिलें वळण तेव्हांच लागतें. मुख्याध्यापकांकडून यासाठीं फार कांहीं लागत नाहीं : महिन्यांतून एक मोकळी दुपार, शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशीं एक बोलणें, भूगोलाच्या शिक्षकांची त्या एका तासापुरती वरच्या मजल्यावर सोय, आणि सभागृहांतील बांकें हलविण्यासाठीं एक शिपाई.