विषयांची यादी कोण वाचतो?
(नगर जिल्ह्यांतील पालकांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



दहावीचा निकाल लागला कीं आपल्या गांवांत पहिला प्रश्न निघतो, "किती टक्के पडले?" दुसरा निघतो, "पेढे कधीं?" पण "पुढें कोणते विषय घ्यावयाचे, आणि ते कोणत्या शाळेंत शिकवितात?" हा तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. बैल घेतांना आपण दांत पाहतों, खूर पाहतों, चालवून पाहतों. बियाण्याची पिशवी दहांदा उलटीसुलटी करतों. आणि पोटच्या पोराचें नांव मात्र, शाळा जवळ आणि वर्गांत जागा एवढें पाहून घालून मोकळे होतों. आज मला त्या तिसऱ्या प्रश्नावरच बोलावयाचें आहे.

हा प्रश्न नवा नाहीं, आणि नगराचा त्याच्याशीं जुना संबंध आहे. जोतीराव फुल्यांनीं नगरास मिस फेरार बाईंची मुलींची शाळा पाहिली, आणि १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढली. तेच जोतीराव १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर कमिशनास निवेदन देतात, तेव्हां "शाळा काढा" एवढ्यावर थांबत नाहींत. खेड्यांतील शाळेंत काय शिकवावें याची यादीच देतात: मोडी व बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतकीचें प्राथमिक ज्ञान, नीति आणि आरोग्य. शेतकीच्या धड्यांसाठीं लहानसें नमुन्याचें शेत असावें असेंही सांगतात. वरच्या शाळांविषयीं त्यांची तक्रार अशी कीं, तेथें कारकून आणि मास्तर तेवढे निपजतात. मॅट्रिकच्या परीक्षेंत सारें लक्ष गुंतून पडतें. स्वतंत्रपणें पोट भरावयास उपयोगी असें त्या अभ्यासांत कांहीं नाहीं. मंडळी, मॅट्रिक केव्हांच गेली, पण ही तक्रार जुनी झाली असें छातीवर हात ठेवून कोणास म्हणतां येईल काय?

त्याच कमिशनानें सुचविलें कीं, हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्या. एक युनिव्हर्सिटीकडे जाणारी आणि दुसरी व्यापार व इतर व्यवहारी धंद्यांकडे जाणारी. दुसरी वाट ओस राहिली. कां राहिली? मान, नोकरी आणि पुढचें शिक्षण हीं तिन्ही पहिल्या वाटेवर होतीं म्हणून. पुढें १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानें सात विषयगट सांगितले. त्यांत शेतकी होती, तंत्रशिक्षण होतें, व्यापार होता, गृहशास्त्रही होतें. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें सांगितलें कीं, पहिलीं दहा वर्षें गणित व विज्ञान सर्वांस शिकवा, आणि हाताच्या कामाचा अनुभवही द्या. २०२० चें राष्ट्रीय धोरण म्हणतें कीं, कला आणि विज्ञान यांमध्यें, पुस्तकी शिक्षण आणि धंदेशिक्षण यांमध्यें, पक्क्या भिंती नकोत. कागदावर वाटा पुष्कळ झाल्या. पण गरिबाच्या पोरापुढें त्यांतल्या किती येतात?

आतां आजचा व्यवहार पाहूं. दहावीपर्यंत सर्वांचें ताट सारखें असतें: तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रें, सारे मिळून सहाशें गुण. अकरावीस ताटें वेगळीं होतात, आणि तेथें एक दार असें आहे कीं तें एकाच बाजूनें उघडतें. विज्ञान शाखेंतून बारावी झालेल्यास पुढें बी. ए. करतां येतें, बी. कॉम. करतां येतें, वकिलीही शिकतां येते. कला शाखेंतून बारावी झालेल्यास मन बदललें तरी सरळ वैद्यकीकडे वळतां येत नाहीं, कारण भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय त्यानें केलेलेच नसतात. विज्ञानाच्या आंतही तेंच. ज्यानें जीवशास्त्र सोडलें त्याची वैद्यकी अडली, ज्यानें गणित सोडलें त्याची बहुतेक इंजिनियरी अडली. पंधरासोळा वर्षांच्या लेकराच्या सहीनें हीं दारें लागतात, आणि तीं लागलीं हें बापास दोन वर्षांनीं कळतें!

कला शाखा हलकी आहे असें मी म्हणत नाहीं. अर्थशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र, तर्कशास्त्र हे विषय नीट शिकलेला मुलगा उद्यां कचेरींत बसून जिल्ह्याचा कारभार हांकील. ज्यानें आवडीनें कला घेतली त्याचें अभिनंदन करा. माझें दुःख निराळें आहे. जवळच्या शाळेंत दुसरी शाखाच नाहीं, एस. टी. वेळेवर नाहीं, पोरीला लांब धाडावयास घरचे राजी नाहींत, म्हणून जी कला घेतली जाते तिला निवड म्हणूं नये. ती सक्ती होय. आईबाप ऊसतोडीस गेलेले, लेकरूं आजीजवळ. त्याची निवड कोण करतो? शाळेच्या फळ्यावर जे विषय नाहींत ते त्याच्या आयुष्यांतूनच वजा होतात.

आणि आपला जिल्हा कोणता? १९५० सालीं प्रवरेकांठीं सहकारी साखर कारखाना उभा करणारा. १९६८ सालचें कृषि विद्यापीठ राहुरीस बाळगणारा. कारखान्यास रसायन जाणणारा लागतो, वीज जाणणारा लागतो, हिशेब जाणणारा लागतो. अकरावी-बारावीच्या विज्ञानांत द्विलक्षी अभ्यासक्रम म्हणून दोनशें गुणांचे धंदेविषय असतात. त्यांत पीकशास्त्र आहे, दुग्धव्यवसाय आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे, संगणक आहे. ते आपल्या तालुक्यांत कोठें शिकवितात याची चौकशी आपण केली आहे काय? ऊंस आणि दूध पिकविणाऱ्याच्या पोरास पीकशास्त्राचें नांवही ठाऊक नसावें, ही लाजेची गोष्ट आहे.

येथें कोणी म्हणेल, "बरें तर, कुणब्याच्या पोरांस शेतकीच शिकवा, गणित कशाला?" हा सापळा ओळखा. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या 'कमवा व शिका' योजनेंत पोरांच्या हातीं खोरें आलें तें शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून. त्यांच्या वांट्याचें पुस्तक कमी करावें म्हणून नव्हे. धंद्याचे विषय हवेत, पण ते गणित-विज्ञानाच्या जोडीला, त्यांच्या बदल्यांत नव्हेत.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यांत ऑनलाइन झाला. २०२५ च्या नियमांत अर्जांत दहा पसंत्या लिहितां येत, आणि पहिली पसंती मिळाली कीं ती घ्यावीच लागे. म्हणून अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराच्या बोटावर पोराचें भवितव्य सोंपवूं नका. अर्जापूर्वीं शाळेंत जा आणि विचारा: कोणत्या शाखा आहेत? प्रत्येक विषयास कायम शिक्षक आहे काय? प्रयोगशाळेचें कुलूप आठवड्यांतून कितीदां निघतें? द्विलक्षी विषय कोणते? मुलींस जाण्यायेण्याची सोय काय? मग घरीं येऊन पोराला विचारा, "तुला काय आवडतें?" हा प्रश्न शेवटीं ठेवला, पण मोलानें तो पहिला आहे.

आणि उत्तर समाधानाचें नसेल तर गप्प बसूं नका. पूर्वीं शाळा दुसऱ्यांच्या हातांत आहेत अशी आपली तक्रार असे. आज पुष्कळ ठिकाणीं संचालक आपले, मास्तर आपले, इमारतीस वर्गणी आपली. मग विषयांची यादी तरी आपली कां नसावी? पालक-सभेंत उठा, लेखी मागा. एका शाळेस झेपत नसेल तर शेजारच्या दोन शाळांनीं मिळून एक प्रयोगशाळा चालवावी असें सुचवा. मतें मागावयास येणाऱ्यांस सभामंडपाऐवजीं विज्ञानाचा वर्ग मागा.

जोतीरावांनीं यादी कमिशनापुढें मांडली. आपणांस ती गांवच्या हेडमास्तरापुढें मांडावयाची आहे. तेवढी हिंमत तरी करा.