हिमातली बदके



बाहेर वैशाखाचे ऊन भाजून काढीत असताना बर्फात राहणाऱ्या बदकांविषयी बोलणे थोडे विनोदीच वाटेल. परंतु विषय निवडण्याची मोकळीक चालकांनी आम्हाला दिली, आणि अमेरिकेच्या ईशान्येस व्हर्माँट राज्यात आम्ही जे काही हिवाळे काढले, त्यांत या पाखरांशी आमचा चांगलाच परिचय झाला. तेथे परसात चार-सहा बदके हौसेने बाळगणारी घरे पुष्कळ. जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांवर उतरतो, आणि बदके मात्र बर्फात खुशाल फिरत असतात!

हे त्यांना साधते कसे? अंगावर मऊ पिसांचा दाट थर, त्यावर शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल चोचीने चोपडलेली वरची पिसे. म्हणजे दुलई आणि तिच्यावर मेणकापड. पाय तर उघडेच. पण त्या पायांत निसर्गाने मोठी युक्ती केली आहे. खाली उतरणाऱ्या गरम रक्ताच्या आणि वर चढणाऱ्या थंड रक्ताच्या वाहिन्या अगदी लगत असतात. उतरणारे रक्त आपली ऊब वाटेतच चढणाऱ्याला देऊन टाकते. त्यामुळे पाऊल गोठणबिंदूच्या थोडे वर राहते, आणि अंगातली एकेचाळीस-बेचाळीस अंशांची उष्णता बर्फात वाया जात नाही.

तेव्हा कोरडी थंडी हा बदकाचा मोठा शत्रू नव्हे. शत्रू आहे ओल. आणि ती बहुधा माणसाच्या मायेतून येते. आमच्या शेजारच्या एका सद्गृहस्थांनी पहिल्याच बर्फात खुराड्याच्या साऱ्या फटी गोणपाटाने बुजविल्या. बदकाची विष्ठा पाण्यासारखी पातळ, श्वासातही वाफ. सकाळी पाहावे तो आतल्या भिंतींवर हिमकण जमलेले, आणि दार उघडताच नवसागरात चुना कालविल्यासारखा उग्र दर्प. आठवड्यात दोन बदके घरघरू लागली, त्यांतले एक दगावले. त्या घरातली लहान मुलगी विचारीत होती, “आपण त्याला इतके जपले, मग ते गेले कसे?” तिला काय सांगावे हे कोणालाच सुचेना.

खुराड्याला छपराजवळ, बदकांच्या डोक्यांच्या बऱ्याच वर, झरोके हवेतच. वारा अंगावर येऊ नये, पण दमट हवा बाहेर जावी. खाली गव्हाचे काड वीतभर पसरावे आणि ओल दिसली की वर कोरडे टाकीत जावे. उबेसाठी विजेचा दिवा टांगणारेही असतात. तो काडावर पडून खुराडी जळतात, म्हणून आम्ही त्याच्या विरुद्ध आहोत.

पाण्याचे मात्र खरोखर कष्ट आहेत. बदकाला नुसते पिण्यापुरते पाणी भागत नाही. नाकपुड्या व डोळे धुण्यासाठी डोके बुडेल इतके खोल पाणी लागते, आणि पाण्यावाचून दाणा घशात अडकतो. रबरी घमेले यासाठी उत्तम: उपडे करून लाथ मारली की बर्फाची चकती सुटून पडते. दिवसातून दोनदा कोमट पाणी न्यावे. रात्री पाणी काढले तर दाणाही काढावा. झोपण्यापूर्वी मूठभर मका घातला तर रात्रीची ऊब टिकायला मदत होते. पाव घालू नये. पोट भरते, पोषण नाही.

मस्कोव्ही जात मूळची उष्ण अमेरिकेतली. तिच्या तोंडावरचा लाल मांसल भाग हिमाने काळा पडतो. तिला लवकर आत घ्यावे. बाकीची जवळजवळ सारी पाळीव बदके मॅलार्ड या रानबदकाच्या वंशातली आहेत. पण वंश तोच असला तरी पंख तेच राहिलेले नाहीत. १८७३ साली चीनमधून अमेरिकेत आलेली पांढरी पेकिन बदके इतकी जड की त्यांना उडताच येत नाही. ईस्टरला हौसेने पिले विकत घ्यायची आणि मोठी झाली की गावच्या तळ्यात सोडून द्यायची, हा प्रकार तिकडे सर्रास चालतो. उन्हाळाभर ती तळ्यात मजेत दिसतात. हिवाळा आला की रानबदके दक्षिणेकडे निघून जातात आणि ही तेथेच उरतात. मग तळे गोठते. कालपर्यंत ज्या पाण्याने कोल्ह्याला अडविले, तेच रात्रीतून त्याची वाट होते! तळ्यात सोडून आलेल्यांपैकी किती जण डिसेंबरात पुन्हा तिकडे फिरकतात, हे आम्ही पाहिलेले आहे.

परसातल्या बदकांनाही म्हणून सूर्यास्तापूर्वी कडीबंद करावे. रॅकून साधा अडसर सहज उघडतो. २०२२ पासून अमेरिकेत पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाची मोठी साथ पसरल्यामुळे रानबदकांना आपल्या घमेल्याशी येऊ न देणे हेही काम वाढले आहे.

डिसेंबरात दिवस जेमतेम नऊ तासांचा होतो, तेव्हा पुष्कळ बदकांची अंडी थांबतात. त्याची काळजी नको. उजेड वाढू लागला की ती आपोआप सुरू होतात. बर्फ वितळले की खुराड्यातले हिवाळाभराचे काड फावड्याने उपसून, कुजवून, भाजीच्या वाफ्यांत घालतात.